आप्पा घरातच पारा जाळतात (झाऱ्याचं काम आहे). पारा कमी कसा करायचा, कुणाला अनुभव आहे का?

शहापूरचा_लेथवाला | २८ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. माझे काका, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, झारेकरी आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीतली राख, बसायच्या चटईखालची धूळ, हात धुतलेल्या पाण्याच्या टाकीतला गाळ, हे सगळं विकत घ्यायचं आणि धुऊन त्यातनं सोनं काढायचं. आज्जा पण हेच करायचा. आधी केर जाळतात, मग कुटून चाळतात, मग मोठ्या परातीत पाण्यात घोळवत बसतात, हलकी माती निघून गेली की खाली जी जड काळी माती राहते त्यात पारा घालून हातानं मळतात. पारा सोनं धरतो. मग फडक्यातनं पिळला की जादा पारा खाली गळतो आणि फडक्यात एक मऊ पांढरी गोळी राहते. ती गोळी शेगडीवर वाटीत ठेवून तापवायची, पारा उडून जातो, सोनं राहतं.

हे सगळं ते परड्यात करायचे तोवर आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. खरं आता गेले दीड महिने पाऊस थांबायचं नाव नाही, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, तर ते मागच्या पडवीत शेगडी लावायलेत, आणि पडवीला लागूनच आमची खोली. माझी बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. आणि दुसरं म्हणजे आप्पांचा उजवा हात थरथरायलाय, चहाची कपबशी धरली की आवाज येतो. काकू म्हणतात वय झालं. वय ५८, हे काय वय आहे का.

मी एकदा म्हटलं आप्पा हे बंद करा, तर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचं पण बरोबर आहे, महिन्याला जे काही दोनचार ग्रॅम निघतं त्यावरच त्यांचं चालतं, कुणापुढं हात पसरत नाहीत. मला त्यांचा धंदा बंद करायचा नाही, पारा बंद करायचाय, नाहीतर निदान कमी. नेटवर बघितलं तर सगळं आफ्रिका नाहीतर दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या खाणींचं येतंय, तिथं पण लोक असंच पाऱ्यानं सोनं काढतात म्हणे. त्यातलं काय आपल्याला लागू पडेल का? मी उद्यमबागला लेथवर काम करतो, काही बनवायचं असेल तर बनवू शकतो. कृपया सांगा.

---

निपाणीकर_सराफ | २९ जुलै, सकाळी ८:१५

दादा, घाबरू नका इतकं. आमच्या दुकानाचा केर तीन पिढ्या एकाच झारेकरी घराकडं जातो. त्यांचा म्हातारा ऐंशी वर्षं जगला, आयुष्यभर पारा हातानं मळला. पारा हा आपल्याकडं औषधात पण वापरतात. आणि खरी गोष्ट सांगतो, सोन्याची जी अगदी बारीक धूळ असते, कानस मारताना उडते ती, ती परातीत धुताना वाहून जाते, ती पाऱ्याशिवाय हाताला लागतच नाही. पारा सोडला तर तुमच्या आप्पांचं निम्मं उत्पन्न जाईल. आधी त्याचा विचार करा.

---

कणकुंबीची_डॉक्टर | २९ जुलै, दुपारी १:०५

मी खानापूर तालुक्यात प्रॅक्टिस करते. लेथवाले भाऊ, सगळ्यात आधी एक काम आजच करा, बायकोला त्या खोलीतनं हलवा. माहेरी पाठवा, पुढच्या खोलीत झोपवा, काहीही करा, पण पडवीत शेगडी पेटणार असेल तोवर तिनं त्या बाजूला असता कामा नये. बाकीची चर्चा नंतर.

कारण सांगते. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, ठसका लागत नाही, त्यामुळं माणूस सावध होतच नाही. श्वासातनं आत गेलेल्या वाफेतला साधारण ८० टक्के पारा फुप्फुसातनं सरळ रक्तात जातो. रक्तातनं मेंदूत जातो, किडनीत साठतो आणि गरोदर बाईच्या वारेतनं बाळापर्यंत पोचतो. बाळाचा मेंदू तेव्हा तयार होत असतो.

निपाणीकर, तुमच्या ओळखीचे आजोबा ऐंशी वर्षं जगले याचा आनंद आहे, पण त्यांचा हात कसा होता, झोप कशी होती, हिरड्यातनं रक्त यायचं का, शेवटी शेवटी चिडचिड आणि विसराळूपणा होता का, हे कुणी विचारलं होतं का? पाऱ्याचा त्रास असाच येतो, हळू, आणि घरचे म्हणतात वय झालं, स्वभाव बदलला. सही बदलते, अक्षर वाकडं व्हायला लागतं. सुईत दोरा ओवता येत नाही. आणि द्रव पारा गिळला तर त्यातला फार थोडा अंगात मुरतो, वाफेतला मात्र बहुतेक मुरतो, हा फरक लोकांना माहीत नसतो. म्हणून "पारा हातात घेतला, काही झालं नाही" म्हणतात. औषधातल्या पाऱ्याचा विषय वेगळा आहे, त्यावर इथं वाद घालत नाही, पण शेगडीवरनं उडणारी वाफ हे कुठल्याच वैद्याचं औषध नाही.

आप्पांची लघवीतल्या पाऱ्याची तपासणी करून घ्या. वाफेतनं गेलेला पारा लघवीत दिसतो, रक्ताची तपासणी केली तर आदल्या आठवड्यात मासे खाल्लेत का त्यावर पण आकडा हलतो. बेळगावातल्या मोठ्या लॅब सॅम्पल बाहेर पाठवतात, आधी फोन करून बाटली कुठली लागते ते विचारून घ्या. बायकोची पण करा. आणि कुणी "पारा बाहेर काढणारं" औषध सांगितलं तर स्वतःच्या मनानं घेऊ नका, ते फक्त तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. संपर्क थांबला की शरीर स्वतःच हळूहळू बाहेर टाकतं, साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो, पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या निम्मा. म्हणून थांबवणं हाच मोठा उपचार.

आणि मास्कचं एक. कोविडमधले एन-९५ शिल्लक असतील घरात, ते घालून पारा जाळला तर काही उपयोग नाही. ते धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत.

---

टार्क्वाहून_परत | २९ जुलै, रात्री ९:५०

मूळचा चिकोडीचा, मायनिंग इंजिनिअर. सहा वर्षं घानात होतो, टार्क्वा भागात. मोठ्या खाणीत नोकरी, पण आजूबाजूला सगळीकडं छोटे खाणवाले, तिथं त्यांना गलामसे म्हणतात, म्हणजे "गोळा करा आणि विका". तुमचं पोस्ट वाचून मला ती माणसंच आठवली. अगदी तसंच, फडक्यातनं पिळायचं आणि संध्याकाळी घराबाहेर चुलीवर गोळी जाळायची, पोरं शेजारी खेळतायत, बाई त्याच चुलीवर नंतर जेवण करतीये.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी सांगतो म्हणजे आप्पांना वाटणार नाही की फक्त त्यांनाच धरलंय. जगात १ कोटीच्या वर माणसं असं हातानं, छोट्या प्रमाणावर सोनं काढतात, ७० पेक्षा जास्त देशांत, त्यात बाया आणि पोरं लाखांनी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०१८ च्या अहवालात आहे, माणसामुळं हवेत जाणाऱ्या पाऱ्यातला साधारण ३८ टक्के एकट्या या कामातनं जातो. कोळसा जाळण्यापेक्षा पण जास्त. यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, जपानमधल्या ज्या गावात कारखान्याच्या पाण्यातनं पारा माशांत आणि माशांतनं माणसांत गेला त्या गावाचं नाव, तिथला आजार १९५६ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यात सोन्यासाठी पारा वापरणाऱ्यांकडनं ज्या चार गोष्टी आधी बंद करा म्हणून लिहिलंय त्यातल्या दोन म्हणजे गोळी उघड्यावर जाळणं आणि वस्तीत जाळणं. तुमच्या पडवीत नेमकं हेच चाललंय.

खरं मी तिथं एक गोष्ट शिकलो. बंदी घालून, पोलिस पाठवून पारा गेला नाही. लोक लपून जाळायला लागले, म्हणजे खोलीचं दार लावून, जे आणखी वाईट. जिथं कमी झाला तिथं कुणीतरी शेजारी बसून, त्यांच्याच मातीवर, त्यांच्याच समोर दाखवलं की बघ, तेवढंच सोनं निघतंय. दोन दिवस अबोला झाला म्हणालात ना, तो त्याचाच. सोडा म्हणू नका, वजन करून दाखवा.

आता कामाचं. दोन पायऱ्या आहेत.

पहिली रिटॉर्ट. म्हणजे बंद भांडं, त्यात गोळी ठेवायची, झाकण घट्ट, झाकणातनं एक नळी वर जाऊन खाली वाकलेली. पारा ३५७ अंशाला उकळतो, सोनं वितळायला १०६४ लागतात, त्यामुळं पारा वाफ होऊन नळीत जातो, नळी गार ठेवली की थेंब थेंब होऊन परत पाणी असलेल्या वाटीत पडतो. आपल्याकडं अर्क काढतात तसंच. नीट बनवलेला असेल तर ९५ टक्क्यांपर्यंत पारा परत मिळतो. तुम्ही लेथवाले, तुम्हाला हे एका दुपारचं काम आहे. सीमलेस एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा तुकडा, एक बाजू वेल्ड, दुसऱ्या बाजूला आटे पाडून टोपी. जीआय पाइप घेऊ नका, त्यावरचं जस्त तापलं की त्याचा वेगळा धूर. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम कुठंच नको, पारा त्यांना खातो. आत तळाला खडूचा पातळ लेप द्या नाहीतर सोनं चिकटून बसतं. टोपीच्या आट्यांना ओली माती किंवा कणीक लावून बंद करा. नळीवर ओलं फडकं गुंडाळून त्यावर पाणी सोडत राहायचं.

आणि हे ठळक वाचा: नळीचं टोक पाण्यात बुडवायचं नाही, पाण्याच्या जरा वर ठेवायचं. बुडालेलं असलं आणि शेगडी मंद झाली की भांडं आतनं पाणी ओढून घेतं, तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं की वाफेनं फुटतं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय टोपी उघडायची नाही, भूक लागली, उशीर झाला, काही असो. हे सगळं उघड्यावर, वारा पाठीमागनं घेऊन. रिटॉर्ट आहे म्हणून पडवीत चालेल असं नाही. बाहेर आलेल्या सोन्यात पण थोडा पारा राहिलेला असतो, तो मुशीत वितळवताना उडतो, म्हणजे आटणी पण बाहेरच.

दुसरी पायरी पाराच नको ही, ती उद्या लिहितो, इथं लाईट गेली.

---

हट्टी_रिटायर | ३० जुलै, सकाळी ६:३०

माझं गाव नंदगडकडं, नोकरी सगळी रायचूर जिल्ह्यात हट्टीच्या सोन्याच्या खाणीत गेली, मिल सेक्शनला. कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली तेव्हा तिकडचे बरेच लोक ओळखीचे होते, त्यांचे हाल बघितलेत, म्हणून धंदा जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक हाय.

एक सावधगिरी सांगायला आलोय. कुणीतरी सांगेल की मोठ्या खाणीत पारा नाही वापरत, सायनाइड वापरतात, तुम्ही पण सायनाइड वापरा. बाबांनो घरात ते अजिबात करू नका. आमच्याकडं सायनाइडच्या पाण्याचा आंबटपणा-खारटपणा तासातासाला मोजायचा, कारण पाणी जरा आंबट झालं की जहरी वायू सुटतो. तिथं यंत्रं होती, अलार्म होते, माणसं शिकलेली होती. आणि ज्या मातीत आधी पारा घातलाय तिच्यावर सायनाइड घातलं तर पारा पण विरघळून पाण्यात निघतो, ओढ्याला जातो, मासळीत जातो. टार्क्वावाल्या साहेबांनी चार गोष्टी म्हणल्या त्यातली ही पण एक हाय. आप्पांनी वीस वर्षं धुतलेली माती परड्यात पडून असेल तर ती कुणी "यातलं उरलेलं सोनं काढून देतो" म्हणून न्यायला आला तर देऊ नका.

आणि आप्पांना सांगा, आपल्या भागात पाऱ्याशिवाय सोनं धुणारे होऊन गेलेत. गदगकडं कप्पतगुड्डाच्या डोंगरातनं जे ओढे येतात त्यात जालगार लोक वाळू धुवायचे, इंग्रजांच्या काळात त्याची नोंद झाली. पारा आला तरी धुण्याची कला आधीची हाय. ज्याचा हात परातीवर बसलाय त्याची निम्मी लढाई तिथंच जिंकलेली असते. मी मिलमध्ये सोनं-माती वेगळी करणारी लाखो रुपयांची हलती टेबलं बघितली, सगळ्यांचं तत्त्व एकच, सोनं पाण्यापेक्षा १९ पट जड, माती अडीच तीन पट. आप्पा हातानं तेच करतात.

---

टार्क्वाहून_परत | ३० जुलै, रात्री १०:२०

हट्टीवाले काका, बरं झालं लिहिलंत, मी सायनाइडचं लिहायचं विसरलो असतो.

आता दुसरी पायरी. आप्पांच्या घरात सवागी असणारच. टाकणखार. सोनार डाक देताना लावतात तीच. फिलिपिन्समध्ये बेंगेट म्हणून डोंगराळ प्रांत आहे, तिथले छोटे खाणवाले तीस वर्षांच्या वर पारा न वापरता याच सवागीवर सोनं काढतात. परातीत घोळवून घोळवून जड माती अगदी थोडी उरवायची, ती वाळवायची, सवागीत मिसळून मुशीत घालून भात्यावर वितळवायची. सवागीमुळं वाळू, गंज, बाकीची खनिजं कमी उष्णतेला वितळून काचेसारखी पातळ होतात आणि वर तरंगतात, सोनं जड म्हणून खाली रवा होऊन बसतं. गार झालं की काच फोडायची, रवा हातात. घानात पण टार्क्वाच्या खाण विद्यापीठातल्या लोकांनी अशीच थेट वितळवायची छोटी भट्टी काढली, नाव "सिका बुक्या", तिथल्या भाषेत सोन्याची भट्टी. नवीन काही नाही हो यात, जे आप्पा रोज करतात तेच, फक्त मधला पारा काढून टाकायचा.

खरं तर झारेकऱ्याला हे खाणवाल्यापेक्षा सोपं आहे. खाणवाल्याच्या दगडात सोनं अडकलेलं असतं, ते दळून सुटं करावं लागतं. सोनाराच्या केरात ते आधीच सुटं असतं.

निपाणीकरांचा मुद्दा मात्र चुकीचा नाही, बारीक धुळीचा. पाऱ्यानं बारीक कण धरले जातात हे खरं. पण पारा ज्या कणावर तेल, मेण, लाख बसलीये त्याला धरतच नाही, आणि सोनाराच्या केरात हे सगळं असतंच. शिवाय मळून मळून पाऱ्याचं पण पीठ होतं, बारीक बारीक मणी, ते धुताना पाण्याबरोबर जातात आणि जाताना पकडलेलं सोनं घेऊन जातात. म्हणजे दोन्हीकडं गळती आहे. बारीक धूळ वाचवायची असेल तर केर नीट जाळा, लोहचुंबकानं लोखंडाचा कीस काढा, साबणाचे दोन थेंब घालून धुवा म्हणजे कण पाण्यावर तरंगणार नाहीत, आणि पहिल्या परातीतनं बाहेर गेलेलं पाणी दुसऱ्या परातीत घेऊन परत एकदा घोळवा. शेवटी अगदी शुद्ध होईपर्यंत घोळवायचा हट्ट सोडायचा, चमचाभर जास्त माती राहिली तरी सवागी ती खाते.

एक धोका मात्र इथं पण आहे. जुना केडीएमचा केर असेल तर त्यात कॅडमियम आहे, केडीएम म्हणजे कॅडमियमची डाक. ते ७६७ अंशाला उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी धूर होतो, आणि तो धूर फुप्फुसाला फार वाईट, एका दिवसात माणूस आडवा होऊ शकतो. म्हणून पारा नाही तरी आटणी घरात नाहीच, उघड्यावर, वारा पाठीमागनं घेऊन.

---

निपाणीकर_सराफ | ३१ जुलै, सकाळी १०:००

डॉक्टरबाईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. ज्या आजोबांचं मी लिहिलं, शेवटची चार-पाच वर्षं ते खरंच हातात ग्लास धरू शकत नव्हते. आम्ही दारूचं म्हणायचो, आणि ते दारू पीत नव्हते. त्यांचा मुलगा आता आमचा केर नेतो, त्याच्याशी बोलतो. लेथवाले, रिटॉर्ट दोन बनवा, दुसऱ्याचे पैसे मी देतो.

आणि एक मदत करू शकतो. आप्पांनी एकाच केराचे दोन सारखे भाग करावेत, एक पाऱ्यानं, एक सवागीनं. दोन्ही रवे माझ्याकडं आणा, कसाला लावून, नंतर मशीनवर टाकून किती टंच निघतंय ते सांगतो. फुकट.

---

शहापूरचा_लेथवाला | ३१ जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. बायकोला काल संकेश्वरला माहेरी सोडून आलो. आप्पांनी विचारलं का, मी खरं सांगितलं. गप्प बसले, मग म्हणाले मला आधी सांगायचं होतंस, मी काय वैरी हाय का. रिटॉर्टला पाइप बघून ठेवलाय. झाल्यावर लिहितो.

---

शहापूरचा_लेथवाला | २३ ऑगस्ट, रात्री १०:३०

उशीर झाला, कामाची ओव्हरटाइम होती.

रिटॉर्ट झाला. दोन इंची सीमलेसचा, टोपीला चौरस आटे दिलेत, अर्धा इंची नळी. पहिल्यांदा रिकामाच तापवून तेल-ग्रीस जाळून घेतलं. मागच्या रविवारी पावसानं उघडीप दिली तेव्हा परड्याच्या अगदी टोकाला, आंब्याखाली लावला. गोळी आधी मोजली, ९.२ ग्रॅम. नळीवर फडकं टाकून मी पाणी सोडत बसलो, आप्पा लांब खुर्चीवर. पाचदहा मिनिटं काहीच नाही, आप्पा म्हणाले तुझी नळी चोंदली. मग वाटीत टिपकन एक थेंब पडला. मग दुसरा. आप्पा उठून जवळ यायला लागले, मी लांब राहा म्हटलं.

गार व्हायला दीड तास थांबलो. सोनं ४.१ ग्रॅम, वाटीतला पारा ४.६. अर्धा ग्रॅम कुठं नळीत चिकटला असेल, कुठं आट्यातनं गेला असेल. आप्पांनी तो पारा काट्यावर ठेवला, बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एवढा रोज कुठं जात हुता रं?" मी काही बोललो नाही. ते स्वतःच पडवीच्या आढ्याकडं बघायला लागले. तिथं काकू पापड वाळवतात.

सवागीचं पण केलं, निपाणीच्या काकांनी सांगितलं तसं दोन भाग करून. पाऱ्याच्या भागातनं १.८ ग्रॅम रवा, सवागीच्या भागातनं २.१. मला वाटलं जिंकलो, खरं आप्पा म्हणाले थांब, याचा रंग फिका हाय, यात चांदी-तांबं पण आलंय. त्यांचंच बरोबर निघालं, निपाणीला टंच काढला तर शुद्ध सोन्याच्या हिशोबात दोन्हीत फरक नावालाच. म्हणजे गेलं काहीच नाही, आणि चांदी वर मिळाली ती वेगळी. आप्पा परतीच्या एसटीत एवढंच म्हणाले की मूस जास्त लागतात याला, सवागी मुशीला खाते. तेवढा खर्च आहे, हे मान्य. पहिल्या मुशीला तळाला भेग गेली होती, आता ते आत सवागीचा लेप भाजून घेतात, मग टिकते म्हणतात.

तपासणी झाली. बायकोचा आकडा ठीक आहे, डॉक्टर म्हणाले काळजी नको. आप्पांचा जास्त आहे. दोन महिन्यांनी परत करायला सांगितलंय. हाताचं सांगता येत नाही म्हणाले, काही प्रमाणात सुधारतं, बघू.

आता दोन प्रश्न राहिलेत. एक, आप्पांकडं जुन्या दारूच्या छोट्या बाटलीत पारा आहे, बाटली हातात घेतली की मनगट खाली जातं, आज मोजला तर १ किलो ३४० भरला. तो काय करायचा? विकू का? आणि दोन, पडवीची जमीन शेणानं सारवलेली आहे, त्यात किती मुरला असेल देव जाणे. बायको दसऱ्याला परत यायची म्हणतीये.

---

कणकुंबीची_डॉक्टर | २४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

पडवीचं आधी. झाडू मारू नका, व्हॅक्यूम तर अजिबात नको, दोन्हीनं थेंब बारीक होऊन हवेत जास्त जातात. संध्याकाळी दिवे घालवून टॉर्च आडवा जमिनीलगत धरा, थेंब चमकतात. ते दोन जाड कागदांनी सरकवून किंवा इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून पाण्याच्या बाटलीत जमा करा. सारवलेली जमीन धुऊन निघत नाही, शेगडी ठेवायची त्या भोवतीचं सारवण आणि खालची बोटभर माती ओली करून खरवडून काढा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डब्यात भरा, मग नवीन मुरूम टाकून कोबा करून घ्या. ती जागा महिनाभर दारं-खिडक्या उघड्या ठेवून हवेशीर राहू द्या. हे काम करताना पोरं घरात नकोत, आणि त्या दिवशीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. काकूंना सांगा पापड आता गच्चीवर. आढ्यावरची धूळ पण ओल्या फडक्यानं पुसून घ्या, फडकं त्याच डब्यात. बाळंतीण आणि बाळ मात्र त्या बाजूच्या खोलीत ठेवू नका, या वर्षी तरी.

---

हट्टी_रिटायर | २४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

पारा विकायचा नाही. तुमच्याकडनं घेणारा तो कुठल्यातरी दुसऱ्या पडवीत जाळणार. गटारीत, परड्यात, विहिरीत पण नको, बेळगावची गटारं कुठं जातात ते आपल्याला माहीत हाय. काचेच्या बाटलीवर भरवसा नको, पडली की संपलं. जाड प्लास्टिकच्या आटेवाल्या बाटलीत ओता, ओतताना खाली परात धरा, वरनं दोन बोटं पाणी घाला म्हणजे वाफ कमी निघते, घट्ट बंद करून बाटली दुसऱ्या डब्यात ठेवा, वर चिठ्ठी लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, आणि कुलपात ठेवा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या ऑफिसात जाऊन घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत लोकांची यादी मागा. डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या मातीचा डबा पण त्यांनाच द्यायचा. अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायला लागेल, मी देतो लिहून.

येत्या रविवारी मी शहापूरला पाहुण्यांकडं येणार हाय. आप्पांच्या हातची परात बघायची हाय मला, वेळ असेल तर कळवा. येताना मिलमधलं एक जुनं लोहचुंबक हाय माझ्याकडं, जड हाय, ते घेऊन येतो.

---

शहापूरचा_लेथवाला | २४ ऑगस्ट, दुपारी २:२५

या की काका, जेवायलाच या. आप्पांना आत्ता फोनवर सांगितलं, ते विचारायलेत लोहचुंबक किती किलोचं हाय.